माझ्या लेकीचं हाड

डॉक्टरनं पेनानं माझ्या लेकीची हनुवटी वर केली. बोटानं नाही, पेनानं. रस्त्यात पडलेली घाण काठीनं उलटून बघतात तशी.

"आडनाव काय?" त्यानं विचारलं. पेन हनुवटीखालीच.

मी सांगितलं. आम्ही बौद्ध, आडनावावरनं कळतंच. "हं," तो म्हणाला आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या डॉक्टरकडं बघून हसला. "यांच्यात असतं असं. आपसातच लग्नं लावतात ना."

लेक सात वर्षांची. सुजाता. खालचा जबडा पुढं आलेला, खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर. भाकरीचा तुकडा दातानं तोडायचा म्हटलं तरी तिला जमायचं नाही, मग ती हातानं बारीक करून खायची. शाळेत पोरं तिला फावडं म्हणायची. बाकी पोरगी इतकी हुशार, पाढे म्हणायला लागली की मास्तर थांब म्हणेपर्यंत थांबायची नाही.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी नाशकात एका खाजगी प्रसूतिगृहात आया होते. नवरा अंबडला, तिथं नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात हेल्पर. आमच्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनीच मला या जबड्याच्या डॉक्टरकडं पाठवलं होतं, चिठ्ठी देऊन. "अगं, फुकट करतो म्हणतोय तो. मुलीची जात, उद्या लग्नाचं बघावं लागेल. नशीब समज."

मी नशीब समजले. त्यांच्या पाया पडले. आज ते आठवलं की माझीच मला किळस येते. आणि एवढंच नाही. शाळेचा फोटो निघायचा होता तेव्हा पोरीला मीच म्हटलं होतं, "ओठ मिट, हनुवटी आत घे." आईनं! पोरं फावडं म्हणत होती, मी वेगळं काय म्हणत होते?

"आ कर," डॉक्टर म्हणाला. पेन बाजूला ठेवलं आणि बोटं घातली तिच्या तोंडात. मग त्या दुसऱ्यानं घातली. मग बाहेरनं दोन शिकाऊ डॉक्टर बोलावले, त्यांनीही घातली. एकाच तोंडात चार माणसांची बोटं. पोरीला उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. कुणी तिला नाव विचारलं नाही.

मी आया. मला दुसरं काही येत नसेल, पण हात कधी धुवायचे ते येतं. आधी धुवायचे. बाळंतिणीला शिवायच्या आधी, कोपरापर्यंत, दोनदा साबण लावून. न धुता कुणी पुढं झालं तर आमच्या डॉक्टरीणबाई भल्या भल्या डॉक्टरला मागं फिरवायच्या. या चौघांतल्या एकानंही आधी हात धुतले नाहीत.

नंतर धुतले. बेसिनपाशी रांग लावून, एकामागं एक, घासघासून. एकानं तर धुतलेल्या बोटांचा वास घेऊन बघितला. माझ्या लेकीच्या तोंडाचा वास! सकाळी मी स्वतः तिचे दात घासून आणले होते.

तरी मी पोरीला खुर्चीतच बसवून ठेवलं. फुकट आहे ना.

मग डॉक्टर समजावायला लागला. खालचं हाड दोन्ही बाजूंनी कापायचं, मागं सरकवायचं, तारेनं बांधायचं. "महिना-दीड महिना तोंड उघडायचं नाही. दूध, पेज, काय ते फटीतून ओतायचं. आधीचे आणि नंतरचे फोटो मी काढणार. मोठ्या डॉक्टरांच्या सभेत दाखवायचेत. चेहरा दिसेल, चालेल ना? तिथं तुम्हाला कोण ओळखतंय!"

कागद पुढं केला. त्याच्यामागं शाईचा पॅड सरकवला.

"सही येते मला," मी म्हटलं.

"अरे वा," तो म्हणाला आणि तेच पेन माझ्या हातात दिलं.

मी सही करणार, तेवढ्यात तो दुसरा डॉक्टर हळूच म्हणाला, "सातव्या वर्षी? हाड वाढतंय अजून. परत पुढं येईल की."

"येऊ दे ना. परत करू. तेवढीच आणखी एक केस."

हे मराठीतच. माझ्यासमोर. आया समोर असली की डॉक्टर लोकांना भिंत समोर असल्यासारखं वाटतं.

माझा हात थांबला. मला डॉक्टरीणबाईंची भाची आठवली. बारा वर्षांची, प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर बाईंकडंच राहायची, आणि जबडा अगदी सुजातासारखा. हाच डॉक्टर दिवाळीत बाईंच्या घरी फराळाला आला होता. चहा मीच नेला होता. मी ट्रे धरून उभी, आणि हा भाचीबद्दल सांगत होता, "अठरा पूर्ण होऊ देत. हाडाची वाढ थांबल्याशिवाय सुरी लावायची नाही. आत्ता कापेल तो डॉक्टर नव्हे, कसाई."

माझ्या या कानांनी ऐकलं होतं मी. आणि तरी तो नियम माझ्या पोरीलाही लागू असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही! त्यांचं ते त्यांचं, आपलं ते आपलं, असं इतकं मुरलं होतं अंगात. सातवी पास होते मी. थू त्या शिक्षणावर.

मी पेन खाली ठेवलं. "साहेब, बाईंच्या भाचीला अठरा पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगितलंत. माझ्या लेकीला सातव्या वर्षी का कापता?"

तो चपापला. "ती केस वेगळी आहे."

"जबडा तसाच हाय. मी रोज बघते दोघींना. वेगळं काय हाय ते सांगा."

शिकाऊ पोरं जमिनीकडं बघायला लागली. मग त्याचा आवाज चढला. "फुकट मिळालं की किंमत नसते तुम्हा लोकांना. राहू दे पोरगी जन्मभर अशीच!"

"राहू द्या. पण तुमचा हात बसावा म्हणून माझी पोर नाय मिळणार."

कागदावर बाईंच्या चिठ्ठीतनं उतरवलेलं सुजाताचं नाव होतं. तो कागद मी उचलला, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये खोचला. तिचं नाव त्या टेबलावर ठेवायचं नव्हतं मला. तिला खुर्चीतनं खाली घेतलं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळ्या नर्सांसमोर धरलं मला. "शोभा केलीस माझी! उपकार करायची सोय नाही तुमच्यावर."

"बाई, तुमच्या भाचीचं हाड ते हाड," मी म्हटलं, "आणि माझ्या लेकीचं काय सरपण?"

"उद्यापासून येऊ नकोस," त्या म्हणाल्या. मी त्याच दिवशी निघाले. नवरा चिडला. मला त्याचं काही वाटलं नाही.

त्या संध्याकाळी सुजाताला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. हाड कसं वाढतं, ते काय कापणार होते, का कापणार होते. सात वर्षांच्या पोरीला कशाला सांगायचं, असं शेजारीण म्हणाली. सांगायचं. तिचंच तोंड आहे.

"अठरा वर्षांची झालीस की तू ठरव," मी म्हटलं. "कापायचं तर काप, नाहीतर राहू दे. मी नाही ठरवणार, तुझा बाप नाही, कुठला साहेब तर नाहीच. आणि तोवर तुला न विचारता कुणी तोंडात बोट घातलं, तर चावायचं."

"डॉक्टर असला तरी?" तिनं विचारलं.

"डॉक्टर असला तर जोरात."