बाबांच्या पणजीचं नाव शोधायला काशीला

सत्तरी उलटल्यावर बाबांनी जाहीर केलं की मरायच्या आत पणजीचं नाव कळलं पाहिजे. पितृपक्षात श्राद्धाला आई, आजी, पणजी अशी नावं घेऊन पिंड ठेवतात. बाबांच्या पणजीपाशी गाडी अडायची. पणजोबांचं नाव जमिनीच्या जुन्या कागदावर सापडलं होतं. पणजीच्या नावे जमीन नव्हती, विषय संपला. आमचे गुरुजी म्हणाले, "माहीत नसेल तर गंगा म्हणा." बाबा चाळीस वर्षं गंगा म्हणत आले, आणि दर वर्षी त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही.

काशीत मराठी उपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात, हे त्यांना बागेतल्या मित्रांनी सांगितलं. मग काय, सोबतीला मी.

पुण्याहून रेल्वेने अठ्ठावीस तास लागतात, पण तेवढ्यात पोहोचाल असं मनात आणू नका. दशम्या आणि चटणी जास्तीची घ्या. स्टेशनवरून मैदागिन चौकापर्यंत ई-रिक्षा. दोनशे सांगतात, शंभरावर येतात. थंडीत गेलात तर कचोरी-जिलबीनंतर मलइयो खा. दुधाचा फेस असतो. बाबांनी वाटी संपवून विचारलं, "आपण खाल्लं का नुसतं पाहिलं?"

दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत मोबाइलचा नकाशा हात टेकतो. एका पानवाल्याला पत्ता विचारला.

"सीधे जाइए, जहाँ साँड़ बैठा है वहाँ से बायें."

"और साँड़ उठ गया तो?"

"वो नहीं उठता."

सांड होता. आम्ही डावीकडे वळलो.

उपाध्याय काका ऐंशीचे, कानटोपी, खांद्यावर शाल. घरात मराठी बोलतात, सुनेला हाक मात्र हिंदीत. बाबा आपलं नाव सांगू लागले तर म्हणाले, "नाव नंतर. पहिले गाव सांगा. गाव सापडलं की माणूस कुठे जातो?" सूनबाईंनी फळीवरून लाल कापडातलं गाठोडं काढलं. चहा आला, दुसरा आला, आणि मग काकांचं बोट थांबलं.

पणजोबा स्वतःच्या अक्षरात लिहून गेले होते. अक्षर मोडी, म्हणून काकाच वाचत होते. वडील, तीन भाऊ, चार मुलगे, सगळ्यांची नावं. शेवटी, "सोबत कुटुंब व आचारी गोविंदा."

"आचाऱ्याचं नाव आहे!" बाबा ओरडले. "आणि बायको नुसती कुटुंब?"

"तेव्हा असंच लिहायचे," काका म्हणाले. "थांबा जरा, घाई नको."

मला पणजोबांचा भयंकर राग आला. एवढ्या लांब येऊन आम्हाला मिळाला तो गोविंदा. काकांनी दहा-बारा पानं उलटली. आता लिहिणारे बाबांचे आजोबा होते: "मातोश्री चिमाबाई यांच्या अस्थी घेऊन आलो."

म्हणजे स्वतःच्या पायांनी आली तेव्हा कुटुंब. अस्थी होऊन आली तेव्हा चिमाबाई.

"चिमा," बाबा म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग चष्मा काढून रडले, आणि मीही रडले. सूनबाईंनी तिसरा चहा टाकला.

शांत झाल्यावर बाबांना नवीच काळजी लागली. "म्हणजे चाळीस वर्षांचे पिंड गेले कुठे?"

"कुणाची तक्रार आली?"

"नाही."

"मग पोचले."

रिवाज असा की शेवटी आपण आपल्या हाताने लिहायचं. दक्षिणा यथाशक्ती, काका आकडा सांगत नाहीत, छताकडे बघतात. बाबांनी अर्धा तास लिहिलं. आधी चिमाबाई, मग आजी, आई, माझी आई, मी. स्वतःचं नाव राहिलं, ते काकांनी आठवण करून दिल्यावर कोपऱ्यात घातलं.

काशीहून आम्ही गंगाजल आणलं, एक शाल आणली, ती घरी आल्यावर सुरतेची निघाली. नाव तेवढं अस्सल.

परवा पितृपक्षातलं श्राद्ध झालं. गुरुजी सवयीने "गंगा" म्हणणार, तोच बाबांनी ठणकावून सांगितलं, "चिमाबाई." पिंड ठेवला. मग जरा घुटमळले.

"अजून एक करा. गंगेचा."

"पण ती तर कुणीच नव्हती ना?" गुरुजींनी विचारलं.

"नव्हती. पण चाळीस वर्षं जेवायला येतेय बिचारी. आता तिला पानावरून कसं उठवू?"

गुरुजींनी भात मळायला घेतला. त्या दिवशी बाबांनी खीर दोनदा मागून घेतली.