शिंपलीवाल्या टेगवेनचा वरचा सूर

आमच्या खाडीकाठच्या अबेरहेलिगमध्ये निम्म्या गावाचं आडनाव जोन्स, म्हणून माणसं धंद्यावरून ओळखली जातात. पाववाला इद्रिस, तशी शिंपलीवाली टेगवेन. तेवीस वर्षं मी तिच्या शेजारी राहते आहे. वय अडुसष्ट, रुंद पंजे, रविवारचं चॅपल एकदाही चुकवलेलं नाही.

शिंपल्या वेचायचा धंदा आता राहिला नाही. ओहोटीला टेगवेन पाहुण्यांना पुळणीवर बुडालेलं जंगल दाखवायला नेते. हजारो वर्षांपूर्वीच्या झाडांचे काळे खुंट तेवढा वेळ वर येतात. किल्ल्याचे दोन बुरूज आणि चुन्याच्या भट्ट्या तासाभरात बघून होतात, मग राहतं ते हेच.

"आज कुणाला चिखल दाखवतेस गं?" इद्रिस दुकानातून ओरडतो.

"तुझ्या पावातला बघून कंटाळलेत, त्यांना!"

अशी ही बोलकी बाई चॅपलमध्ये दोन सुरांत स्तोत्र म्हणताना मात्र कायम खालचाच सूर धरते. वरच्या सुराला माणसं कमी पडतात, तरी तिला तो धर असं कुणी म्हणत नाही. त्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मला तिनंच सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना.

पूर्वी पुळणीवर धुकं उतरलं की शिंपल्या वेचणाऱ्या बायका स्तोत्र म्हणायच्या. किनाऱ्यावरची बाई वरचा सूर धरायची, आत गेलेल्या खालचा. वरच्या सुराकडे चालत राहिलं की घर. टेगवेन सतरा वर्षांची होती. वसंतातल्या स्तोत्रमेळाव्यासाठी तिची वरच्या सुरात निवड झाली, आणि चार दिवसांनी भर दुपारी धुकं आलं. आई किनाऱ्यावर, टेगवेन मधे गाढव घेऊन, आणि थोरली बहीण नेस्ट सगळ्यांत आत.

"मी वरचा सूर लावला," टेगवेन म्हणाली. "घाबरून नाही हं. नेस्टला ऐकवायचा होता. माझीच दिशा चुकलेली, मी खाडीच्या खोल पाण्याकडे चाललेले. ती बिचारी माझ्या मागे आली."

गाढव हटून मागे वळलं म्हणून टेगवेन वाचली. नेस्टची नुसती ओढणी मिळाली. त्यानंतर टेगवेनच्या गळ्यातून वरचा सूर कुणी ऐकला नाही.

गेल्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमचं एक म्हातारं जोडपं आलं होतं. बाईंना सोबत हवी म्हणून मीही निघाले. आम्ही खुंटांपाशी पोचलो आणि धुकं आलं. आधी किल्ला गेला, मग चॅपल, मग स्वतःचे बूट. टेगवेननं होकायंत्र काढलं. "दोरी धरा. भरती लागायला अर्धा तास आहे, पोचतो आपण."

तेवढ्यात कुणीतरी गाऊ लागलं. एकच आवाज, बाईचा, खालच्या सुरातला. प्रत्येक ओळीनंतर थांबत होता, वरच्या सुरासाठी जागा सोडल्यासारखा.

"किती गोड!" पाहुणी म्हणाली. "किनाऱ्यावर म्हणतायत का?"

"किनारा त्या बाजूला नाही," मी म्हटलं.

टेगवेनच्या हातातली दोरी सैल पडली. ती आवाजाकडे चालू लागली. पाचसहा पावलांवर खाडीचं पाणी तिच्या घोट्यांना लागलं, तरी थांबेना. मी धावत जाऊन तिची बाही धरली.

"माणसं आहेत आपल्याबरोबर."

"ती उभी आहे गं तिथं. एकावन्न वर्षं."

"तिला जायचंय कुठं पण?"

टेगवेननं माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण सूर आला नाही. तो तिनं गिळला. "घरी," ती म्हणाली. "इथून गायले तर पुन्हा तीच चूक."

ती वळली. होकायंत्र डोळ्यांजवळ धरून तिनं आम्हाला ओढतच चालवलं. मागून आवाज येत राहिला. प्रत्येक ओळीला थोडा हळू.

"अहो, उत्तर तरी द्या!" पाहुणे म्हणाले. "कुणी अडकलं असेल."

"अजून नाही," टेगवेन म्हणाली.

पाणी मागून पायांत येत होतं. मी मनात देवाचं नाव घेत होते, आणि त्याच वेळी वाटत होतं, हे आपण कुणाला टाकून चाललो आहोत?

किनाऱ्यावरच्या बंधाऱ्याच्या दगडी पायऱ्या हाताला लागल्या. पाहुणे बायकोला घेऊन बचावनौकेला फोन करायला धावले. (नौका आली, तासभर शोधलं, कुणी सापडलं नाही.) टेगवेन चौथ्या पायरीवर उभी राहिली, धुक्याकडे तोंड करून. आता काहीच ऐकू येत नव्हतं.

तिनं वरचा सूर लावला. पहिली ओळ फाटली. दुसरीही. तिसरीला आवाज उभा राहिला, म्हातारीचाच, पण सरळ.

खालचा सूर आला. आधी खुंटांच्या बाजूनं. मग चिखलावरून. मग पायऱ्यांच्या अगदी खालून, इतका जवळ की मधला श्वास ऐकू आला. दोघींनी शेवटची ओळ एकत्र संपवली. खाली फक्त भरतीचं पाणी होतं, दगडाला लागत असलेलं.

"ये," टेगवेन म्हणाली. "आई कधीची थांबलीय."

आणि ती एका बाजूला सरली. तिथल्या पायऱ्या अरुंद आहेत. मीही सरले.