आमच्या लग्नाची कॅसेट आणि पिवळी वायर

हे कुणाला सांगू नका असं म्हणणार होतो. पण म्हसावदमध्ये ज्याला हे माहीत नाही असा माणूसच आता उरलेला नाही, मग तुम्ही तरी मागे का राहावं? फक्त एक ध्यानात ठेवा, मी शाळेत संगणक शिकवतो. हो, मीच!

झालं असं, की आमच्या सासऱ्यांना, आबांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. भिंतीवर फोटो आहे, पण त्यात आबा तहसीलदारासमोर उभे केल्यासारखे ताठ. चालते-फिरते आबा एकाच ठिकाणी उरले होते, आमच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये. रविवारी खापरहून अख्खं माहेर येणार होतं. आमच्या सौ., सुनंदाबाई, यांनी विचारलं, "मन्हा आबा टीव्हीवर दिसतीन ना?"

दिसतील म्हणजे काय? मी तर जेवणावळ कापून, गुलाबाच्या पाकळ्या उडवून, नावांच्या पाटीसकट दाखवणार होतो.

शहाद्याचे सलीमभाई जुने टीव्ही दुरुस्त करतात. त्यांनी एक व्हीसीआर दिला आणि एक जुनं ग्राफिक्स कार्ड. या कार्डाची गंमत अशी, की बाहेरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेता येतं, कॉम्प्युटरचं चित्र बाहेर पाठवता येतं, आणि घेतलेलं कापता-जोडताही येतं. घ्यायला एक पिवळं भोक, पाठवायला दुसरं पिवळं भोक. सलीमभाई कोणतं कशाचं ते समजावू लागले, तर मी त्यांना थांबवलं. मास्तरला काय शिकवता?

घरी येऊन मी डोकं चालवलं. चित्र कॅसेटमधून बाहेर काढायचंय, म्हणजे वायर कार्डाच्या 'आउट'ला. व्हीसीआरच्या 'आउट'ला टीव्ही लागलेला होता, म्हणून दुसरं टोक व्हीसीआरच्याच 'इन'मध्ये खुपसलं. आणि काय सांगावं, टीव्हीवर माझ्या कॉम्प्युटरचा स्क्रीन! मला वाटलं, सोयरीक जमली. कॅसेट घालून व्हीसीआरचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं.

कॅसेट बाहेर आली. आत ढकलली, बटण दाबलं, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदाही तेच.

मग आठवलं. जुन्या कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला असला की तिच्यावर रेकॉर्डिंग होत नाही. कॉलेजात आम्ही तिथं चिकटपट्टी लावायचो. लावली! तो तुकडा मुळात कुणी आणि कशासाठी मोडला असेल, असा विचार एखाद्या पाचवीतल्या पोरानंही केला असता. मी संगणक शिक्षक.

चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग चाललं. तोवर मी कॉम्प्युटरवर पाकळ्या उडवून पाहिल्या, पाटीवर स्वतःचं नाव तीनदा चुकवलं. शेवटी कॉम्प्युटरमध्ये फाईल शोधली, तर काहीच नाही. सलीमभाईंना फोन लावून सगळं सांगितलं.

"सर," ते म्हणाले, "कॅसेट तीन बार बाहर आयी, और आपने चिकटपट्टी लगायी?"

कॅसेट मागे घेऊन टीव्हीवर लावली. वरात नाही, नवरदेव नाही, मंगलाष्टकांनंतर टाळी लागली ती नाही. होतं ते माझं कॉम्प्युटरचं पान, त्यावर फिरणारा बाण, आणि मी गंभीरपणे टाईप केलेला प्रश्न: 'रेकॉर्डिंग चालू आहे हे कसे ओळखावे?'

बायकोच्या बापाचं चालतं-फिरतं रूप जगात एकच होतं, आणि ते मी पुसलं होतं. तेवढ्यात सुनंदा मागे येऊन उभी राहिली. मी सगळं कबूल केलं. ती खाली बसली आणि टीव्हीकडे बघत राहिली.

चाळीस मिनिटांनी स्क्रीनवर मुंग्या आल्या. मग जेवणावळ. मग आहेर, त्यात कॅमेऱ्यासमोर पाहुण्यांच्या पाठी. आणि मग पाठवणीची जीप. आबा आले. त्यांनी जीपचं दार लावलं, पुन्हा उघडलं, सुनंदाच्या शालूचा दारात अडकलेला पदर आत सारला आणि दार लावलं. नंतर काच पुसत बसले. काच स्वच्छच होती. मी रडलो, खोटं कशाला बोलू? सुनंदा तर केव्हाचीच रडत होती.

डोळे पुसून म्हणाली, "आबा शेतस ना, बस. जे गयं ते काही कामनं नव्हतं. आते एक बटनबी दाबू नका."

म्हणून पुढचं काम सलीमभाईंनी केलं, आणि तिच्या हुकमावरून काहीही न कापता केलं. रविवारी माहेर टीव्हीसमोर बसलं. पहिली चाळीस मिनिटं सगळ्यांनी माझा बाण पाहिला. शेवटी तिच्या म्हाताऱ्या आत्याला राहवेना.

"सुनंदा, नवरदेव कोठे शे वं?"

सुनंदानं शांतपणे सांगितलं, "तो कॉम्प्युटरवर बसेल शे."