गीताआत्याचा जितेपणीचा कागद

मोताळ्यात तहसीलसमोरच्या लिंबाखाली माझं टेबल आहे. तीस वर्षं लोकांचे दस्त लिहितोय. खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं. आपण मेल्यावर काय व्हावं, हे माणूस किती हौसेनं सांगतो ते मला विचारा. पण जगायचं कसं हे लिहून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मी एकच पाहिलं. त्या रोहिणखेडच्या गीताबाई.

गीताबाई अडुसष्ट वर्षांच्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला "तू केलं, तं कोन्ते दिवे लावले?" म्हणून गप्प करतात. दोन एकर शेत स्वतःच्या हिमतीवर घेतलं. त्यात वांगी, मिरची, टमाट्याची रोपं करून विकतात. सोबतीला रोपांच्या कामाला आलेली आणि घरचीच झालेली छकुली. नाव छकुली, वय चाळीस, तोंड गीताबाईंच्या तोडीचं. वीस वर्षं दोघी एकाच बांधावर भांडतात आणि एकाच डब्यातलं जेवतात.

गेल्या वर्षी वाफ्याच्या दांडावर घसरून गीताबाईंचा पाय मोडला. त्यांचा भाऊ आता नाही, पण भावाचा मुलगा गोकुळ खामगावात ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो. तो धावत आला. पोरगा मनाचा सोनं, पण घाई फार. आत्या दवाखान्यात गुंगीत असतानाच यानं शेत मक्त्यानं देऊन टाकलं, घराला कुलूप ठोकलं आणि आत्याला थेट खामगावला आपल्या तिसऱ्या मजल्यावर नेलं. सून चांगली, खोली चांगली, टीव्ही मोठा. गीताबाई दोन महिने त्या टीव्हीसमोर बसल्या. मग एक दिवस काठी टेकत जिना उतरल्या, एसटीत बसल्या आणि घरी आल्या. मक्त्यानं शेत घेणाऱ्याला छकुलीनं आधीच पिटाळून लावलं होतं. कसं, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी सवयीनं मृत्युपत्राचा नमुना काढला. त्यांनी तो माझ्याकडंच सरकवला.

"मेल्यावरचं मले काय करायचं, वामनराव? तवा मी कुठं पाहाले येनार हाय? मले जितेपणीचा कागद पाहिजे. उद्या माह्यं डोकं चालनासं झालं, तरी मले माह्या घरातून कोनी हलवलं नाई पाहिजे."

मी तालुक्याच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, यांना ट्रस्ट करून द्या. घर आणि शेत ट्रस्टच्या नावावर करायचं. डोकं चालतं तोवर विश्वस्त, म्हणजे कारभार पाहणाऱ्या, त्या स्वतः. पुढं त्यांनी नेमलेली दोन माणसं, त्यांनी लिहून ठेवलेल्या सांगण्याप्रमाणं सगळं चालवणार. त्यांच्या माघारी सारं छकुलीला. गीताबाईंना हे पसंत पडलं.

पण आमच्याकडं ट्रस्ट म्हणजे देऊळ. दुसरा ट्रस्ट कुणी पाहिलेलाच नाही. छकुलीनं पिठाच्या गिरणीवर 'ट्रस्ट' एवढा एक शब्द टाकला आणि संध्याकाळपर्यंत गीताआत्या मंदिर बांधणार हे गावात पक्कं झालं. सकाळी गावातले माणिकराव मंदिराचे अध्यक्ष व्हायला तयार होऊनच आले. गुलाबरावांना मारुती हवा होता, त्यांच्या व्याह्यांना महादेव. दोघं मिरचीच्या वाफ्यात उभे राहून भांडले आणि शेकडो रोपं तुडवली. एक भजनी मंडळ तर टाळ घेऊन आलं. गीताबाईंनी त्यांना चहा पाजला, दोन भजनं ऐकून घेतली आणि सांगितलं की देवी मीच आहे, अजून जिती आहे, नारळ ठेवून जा. खरोखर तीन नारळ जमले.

मग मसुद्यावरून माझ्याशी भांडण. मी 'प्रथम लाभार्थी गीताबाई' असं लिहिलं, तर त्या भडकल्या. लाभार्थी म्हणजे घरकुलाच्या यादीतला माणूस, आणि त्यांनी जन्मात कुठल्या यादीत नाव घातलं नव्हतं. मी कायदा समजावला, त्यांनी तो नामंजूर केला. शेवटी कंसात 'म्हणजे जिच्या सुखासाठी हा ट्रस्ट आहे ती' असं जोडलं, तेव्हा कुठं त्या शांत झाल्या. वकील हसले, पण त्यांनी ते खोडलं नाही.

नोंदणीच्या दिवशी गीताबाईंनी गोकुळलाही कचेरीत बोलावलं होतं. मंदिराची बातमी खामगावपर्यंत गेलेली. तो तोंड पाडून आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, की आत्यानं देवाला दिलं याचं काही नाही, पण तिचा आपल्यावर भरवसा नाही याचं वाईट वाटतं. मला त्याची दया आली आणि रागही आला. मी कागद त्याच्या हातात दिला.

दुसऱ्याच पानावर त्याला आपलं नाव दिसलं. गीताबाईंनंतरचे विश्वस्त छकुली आणि गोकुळ.

"मी कायले, आत्या? मीच तं तुले उचलून नेलं होतं."

"म्हनूनच," गीताबाई म्हणाल्या. "मी पडली तं धावत येनारा तूच हायेस. धावत येऊन करायचं काय, थे आता लिहून देल्लं. पुढं वाच."

तो मोठ्यानं वाचू लागला. चहा साखरेचाच, डॉक्टर काहीही म्हणो. खाट दारात, वाफे दिसतील अशी. टीव्ही दिवसाला एक तास, त्यात मालिका नको. छकुली भांडायला आली तर तिला अडवू नये. रांगेतली माणसं हसू लागली, गोकुळही हसला. मग नवव्या कलमाशी त्याचा आवाज थांबला. ते मी गीताबाईंनी सांगितलं तसंच ठेवलं होतं.

'मला कुठं न्यायचं असेल, तर आधी मला विचारावं. मला काही समजत नसेल, तरीही विचारावं.'

हे त्यानं मनातच वाचलं. बोट ओळीवरून दोनदा फिरलं. मी पेन पुढं केला. त्यानं तो घेतला, कागदावर वाकला आणि थांबला. बाकावर छकुलीशेजारी बसलेल्या आत्याकडं वळून पाहिलं.

"आत्या," तो म्हणाला, "करू का सही?"

गीताबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"हाव," त्या म्हणाल्या. "कर आता."