घोडे चालले, मी चाललो नाही

मी पुण्याहून निघालो त्या सकाळी वडील खडकीपर्यंत चालत आले. पुढं नदी उतरून घाटाची वाट. काठावर उभं राहून त्यांनी माझ्या खांद्यावरची पडशी उगाचच सारखी केली आणि म्हणाले, "पाणी गाळून पी. कुणाशी वाद घालू नकोस." एवढंच. पुन्हा ते मला दिसले नाहीत. मला जायचं नव्हतं, हे इथं स्पष्ट लिहितो. कारण पुढं पुण्यात सगळे असं बोलत होते, जणू मी मौजेखातर समुद्र ओलांडला.

मी आमच्या सरदारांच्या पागेत कारकून होतो. पागेला अरबी घोडे हवे होते आणि ते मस्कतला मिळत. तिथं घोडे पारखणारा माणूस ठेवला होता. त्याच्या जोडीला लिहिणारा-वाचणारा कुणीतरी हवा, म्हणून सरदारांनी माझं नाव घेतलं. तेव्हा धर्म कुणालाच आठवला नाही. पेठेतल्या शास्त्रीबुवांनी तर निघायचा मुहूर्त काढून दिला, आणि वर पेढेही खाल्ले.

मस्कत म्हणजे काळ्या उघड्या डोंगरांच्या कुशीतलं बंदर. उन्हाळ्यात भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. ओलं धोतर अंगावर घेऊन गच्चीवर झोपायचं. चारा नाही म्हणून तिथं गाईंना सुकी मासळी घालतात. पहिल्या दिवशी दुधाला तो वास आला आणि मी ते ओतून दिलं. रतनशीभाई नावाच्या कच्छी व्यापाऱ्यानं मला त्याच्या वखारीमागची खोली दिली. तिथं मी स्वतःची चूल मांडली, स्वतःचा भात स्वतः शिजवला, एकही संध्या चुकवली नाही. हे सगळं पुण्याला शपथेवर सांगून झालं आहे. उपयोग शून्य.

आणि होय, मला तिथं आनंदही झाला. तो लपवायला मी काही चोरी केलेली नाही. एका बलुची नावाड्यानं मला हूरी वल्हवायला शिकवलं. एकाच लाकडातून कोरलेली ती लहानशी होडी. काम संपलं की मी एकटाच खाडीत जायचो. पाणी असं नितळ की तळाची वाळू दिसे. एकदा उंटावरून आत डोंगरापर्यंत गेलो. तिथं दगडी पाटातून पाणी खेळवून गुलाबाचे मळे केले होते. हे वेणूला कधी सांगेन असं झालं होतं. वेणू माझी लेक. मी निघालो तेव्हा तिला चालता येत नव्हतं.

वडील गेल्याचं एका गलबतावाल्यानं सांगितलं. समुद्रात उभा राहून मी त्यांना पाणी दिलं. पुढच्या मोसमाचा वारा सुटताच घोडे घेऊन परत आलो.

पेठेत घोडे शिरले तेव्हा लोकांनी वाट सोडून गर्दी केली. शास्त्रीबुवांनी स्वतः पुढच्या घोड्याच्या कपाळाला कुंकू लावलं. त्याच गलबतातून आलेला मी घराशी पोचलो, तर थोरला भाऊ दारात आडवा.

"सदू, आत येऊ नकोस. आधी प्रायश्चित्त, मग घर."

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा चार जणांना घेऊन अंगणात बसले. म्हणाले, "समुद्रगमन केलंत. क्षौर करा, पंचगव्य घ्या, आणि चारचौघांत म्हणा, मी पाप केलं."

"क्षौर करतो. पंचगव्य घेतो. पाप कुठलं ते आपण सांगा. मुहूर्त आपणच काढला होता."

"मुहूर्त प्रवासाचा काढला. समुद्राचा नव्हे."

"आणि घोडे?"

"घोड्यांच्या पंगतीला आम्ही बसत नाही," ते म्हणाले. बरोबरचे हसले.

सरदारांकडे गेलो. ज्यांनी पाठवलं ते म्हणाले, "धर्माच्या कामात आम्ही कसं बोलावं?" बोलताना ते नव्या घोड्याची मान थोपटत होते.

मला गोठ्यात जागा मिळाली. आई पानावर लांबून वाढायची आणि रडायची. तिच्या रडण्याचाही मला राग आला; अजून येतो. एक दिवस वेणू गोठ्यात शिरली. मी तिच्या हातात एक शिंपला ठेवला, तर भावानं तिला खेचून नेलं आणि भर थंडीत आडाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. ती किंचाळत होती. "अहो, तिचे वडील आहेत ते!" असं माझी बायको उमा सगळ्यांसमोर ओरडली. त्या घरात तिचा आवाज तोवर कुणी ऐकला नव्हता.

मग ती सरळ गोठ्याच्या दारात आली. "आपण ते वाक्य म्हणणार आहात का?"

"नाही."

"मग इथं कशासाठी बसलात? आम्हांला घेऊन चला."

"तुलाही परत घेणार नाहीत."

"इथं राहतेस का, असं तरी मला कुणी विचारलं होतं?"

निघताना भाऊ म्हणाला, "एक वाक्य होतं रे. म्हटलं असतंस तर काय झिजला असतास?" मी वेणूला कडेवर घेतलं आणि चालू लागलो. एका वाक्यासाठी पोरीला थंड पाण्यात बुडवणाऱ्याला काय सांगायचं?

आता आम्ही मस्कतला आहोत. मी रतनशीभाईकडे लिहिणं करतो. उमानं गाय पाळली आहे आणि तिला मासळी दाखवतही नाही. वेणू माझ्याहून बरी हूरी वल्हवते आणि मराठीत अरबी मिसळून भांडते. आईची आठवण येते. पर्वतीवरून दिसणारं गाव आठवतं. आणि त्या मागोमाग राग येतो, ताजा.

परवा सरदारांचा नवा कारकून आला. माझ्याच जागी, माझ्याच कामाला. आमच्याकडे पोटभर जेवला आणि हात धुताना हळूच म्हणाला, "वहिनी, इथं जेवलो हे पुण्यात कळू देऊ नका."

मी उठणार होतो. उमानं मला नजरेनंच बसवलं. "नाही कळू देणार, भावजी," ती म्हणाली. "उद्याही या."

तो गेल्यावर तिनं दार लावलं, जमीन सारवली आणि तीन पानं एका ओळीत मांडली. पुण्यात ती माझ्यामागून जेवायची. इथं आधी कोण नि मागून कोण, हे ठरवायला कुणी नाही. वेणूनं पहिला घास घेतला आणि भात खारट झालाय म्हणून तक्रार केली. खारटच होता. आम्ही तो सगळा संपवला.