चटणीचं भांडं

पुस्तक आईनं महाद्वार रोडवरून आणलं होतं. केबलवर दुपारी स्वयंपाकाचा एक कार्यक्रम लागायचा. कडक इस्त्रीची साडी नेसलेली बाई काचेच्या वाट्यांतलं सामान एकेक करून कढईत टाकायची आणि तिच्या साडीवर कधी थेंबही उडायचा नाही. त्याच पाककृतींचं ते पुस्तक होतं. आईनं त्यातलं काहीच कधी केलं नाही. बाबा म्हणायचे, "बघायला बरं हाय. पोट भरंल व्हय त्यानं?" मग आई दुपारी आडवी होऊन ते नुसतं वाचायची.

मी ते उघडलं तेव्हा आईनं चार दिवस घोटभर पाण्यापलीकडे काही गिळलं नव्हतं. तिच्या घशाला लाईट देत होते, म्हणजे रेडिएशन. तोंड आतून सोललं होतं, आवाज बसला होता. डॉक्टर मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाले, "वजन आणखी दोन किलो उतरलं तर मला लाईट थांबवावी लागेल." मी मान हलवली. थांबवली तर पुढं काय, हे विचारायचा धीर झाला नाही. बाबांनाही सांगितलं नाही. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला चहाशिवाय काही करता येत नव्हतं.

शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी मी बोट ठेवून वाचायची. प्रत्येक कृतीची सुरुवात एकच असायची: 'स्वच्छ, कोरडे भांडे घ्यावे.' हे काय सांगायला पाहिजे, असं वाटून मी ते वाक्य सोडून पुढं जायची.

पहिल्या दिवशी दुधीचं सूप केलं. दुधी उकडून मिक्सरमधून काढला, मीठ घातलं, गाळलं. चाखून पाहिलं तर अगदी सपक. आईनं एक चमचा तोंडात घेतला आणि दोन्ही हातांनी गळा धरला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दुसऱ्या दिवशी मूगडाळ, तिसऱ्या दिवशी लाल भोपळा. दोन्ही वेळेला तेच. बाबांनी वाटीतलं बोटानं चाटून बघितलं. "ह्यात हाय काय? नुसतं पाणी." मग आईकडे बघून ते उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मला वाटलं, आता पाणीसुद्धा जाणार नाही. आजार पुढं गेलाय, आणि हे फक्त मला कळलंय.

आजाराचं आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर आई गावाला गेलीय, एवढंच मी म्हणायची. चौथ्या दिवशी शेजारच्या जैन काकू दारात आल्या.

"काय गं, आई दिसंना?"

"गावाला गेलीय."

"काल रडण्याचा आवाज आला की. गावाहून ऐकू आला व्हय?"

 माझ्या हातात पुन्हा केलेल्या दुधीच्या सूपाची वाटी होती, आईनं न चाखताच परत केलेली. काकूंनी नाक आक्रसलं.

"लसूण घातलाईस ह्यात?"

"नाही काकू. दुधी आणि मीठ, बस्स."

"आगं, जन्मात लसूण खाल्ला न्हाई मी. माझ्या नाकाला फसवतीस? लसूण हाय आणि चटणी बी हाय."

चटणी म्हणजे कांदा, लसूण, खोबरं घालून उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवतात ती लाल चटणी. आमच्या भाजीला, आमटीला, सगळ्याला तीच. ती घालून खोबरं-लसणाचं वाटण रोज मिक्सरच्या त्याच एका भांड्यात व्हायचं. मी भांड्याच्या झाकणातली रबराची रिंग काढली. ती तांबडी झाली होती. पात्याच्या बुडाला नख लावलं, नख तांबडं. वर्षानुवर्षांचं तिखट त्यात मुरलं होतं, आणि ते मी रोज आईच्या सोललेल्या तोंडात घालत होते. मला आणि बाबांना ते लागलंच नाही. आमच्या जिभांना तेवढं तिखट म्हणजे पाणीच.

मी तिथंच खाली बसले आणि पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला सगळं सांगितलं. दोन किलोचं सुद्धा.

"काकू, तुमचं मिक्सरचं भांडं द्याल?"

"भांडं न्हाई देणार बघ. राग मानू नको. तुमच्यात मटण शिजतं." मी मान खाली घातली. "तू ये की आमच्यात. पुस्तक घेऊन ये. आमच्या शेगडीवर कर. पण दिवस मावळायच्या आत सगळं आटपायचं. मावळल्यावर आमचा स्वयंपाक बंद."

मग मी कॉलेजातून पळत यायची. काकूंच्या ओट्यावर पुस्तक उघडं ठेवायची आणि काकू म्हणायच्या, "वाच." कांदा, लसूण, बटाटा, गाजर त्यांच्याकडे चालत नव्हतं, त्यामुळे निम्मी पानं गळाली. उरलेल्यांत दुधीची खीर निघाली, तूप घातलेलं मुगाचं कढण निघालं, नाचणीचं सत्त्व दुधात शिजवलं की ते एकदम चकाकतं हे निघालं. एकदा खीर ढवळता ढवळता मी गुणगुणत होते. लक्षात आल्यावर स्वतःची इतकी लाज वाटली की गॅस बंद करून उभी राहिले. काकूंनी तो परत पेटवला.

काकूंकडच्या पहिल्या दिवशी खिरीची वाटी झाकून घरी नेली. चमचा काकूंनी स्वतःचा दिला होता आणि तो परत आणू नकोस म्हणाल्या होत्या. आईनं चमच्याकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. मी तीनदा तिला दुखवलं होतं. चौथ्यांदा तिनं का ऐकावं? बऱ्याच वेळानं तिनं ओठ उघडले ते माझ्यासाठी, भुकेसाठी नाही. मी तिच्या हातांकडे बघत होते. ते गळ्याकडे गेले नाहीत. पाच चमचे गेले. सहाव्याला ती दमली.

सोमवारी दवाखान्यातल्या काट्यावर तिला मी आणि बाबांनी धरून उभं केलं. वजन वाढलं नव्हतं, पण उतरलंही नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "चालू ठेवू." पुढचा सोमवार होताच.

त्या दुपारी मी पुस्तक घेऊन निघाले तर आईनं हात पुढं केला. मी पुस्तक दिलं. तिला पानं पाठ होती. बरोबर एका पानावर थांबून तिनं बोट ठेवलं.

"त्यात बटाटा आहे, आई. काकूंकडे चालत नाही."

आईनं कपाळाला आठी घातली, आणि पान उलटलं.