समोरचा भिडू

खाडीच्या अल्याडून पल्याड आणि पल्याडून अल्याड, एवढाच लवूचा प्रवास. मिसरूड फुटायच्या आत बापाच्या हातातलं वल्हं त्याच्या हातात आलं, ते कानशिलं पांढरी झाली तरी सुटलं नाही. नाटे गावच्या माणसाला खाडीपलीकडे जायचं तर लवूचीच होडी. बाजाराची टोपली असो, सासरी निघालेली पोर असो, तापानं फणफणलेलं मूल असो, लवू सगळ्यांना एकाच संथ चालीनं नेई. त्याच्या होडीत बसलं की पाण्याला घाई नाही आणि आपल्यालाही नाही, असं वाटायचं. लोक म्हणत, लवूला कुणाचं काही नाही, देवमाणूस.

पण लोक होडीत पुढं तोंड करून बसत आणि लवू मागं उभा राहून वल्हं मारी. त्याचं तोंड कुणाला दिसत नसे.

त्या तोंडावर वर्षातून एकदा रंग चढे. हरिश्चंद्र बोटीवरून सुटीवर यायचा झाला की लवूचं वल्हं जरा जलद पडू लागे. पोरवयात दोघं याच होडीवर होते, एक वल्हं याचं, एक त्याचं. पुढं हरिश्चंद्राच्या मामानं त्याला मुंबईला नेला आणि मोठ्या बोटीवर चढवला. दोन वल्ह्यांची होडी एका वल्ह्यावर आली. हरिश्चंद्रानं कुठकुठली बंदरं पाहिली, लवूनं समोरचा धक्का पाहिला. त्याचंही लवूला फारसं वाटलं नाही. कारण हरिश्चंद्राची एक गोष्ट होती, ती कुठल्या बंदराची नव्हती, त्याच्या बायकोची नव्हती, फक्त लवूची होती. कॅरम.

हनुमान जयंतीला मारुतीच्या देवळात जोडीच्या मॅची व्हायच्या. आजूबाजूच्या वाड्यांतून जोड्या यायच्या. ‘लवू-हरिश्चंद्र’ हे नाव वाडीत एका दमात घेतलं जाई, मधे श्वास घ्यायची रीत नव्हती. कॅरमच्या जोडीत भिडू समोर बसतो, आणि बाजूला बसतो तो वैरी. लवूची नजर खेळभर समोर. तो स्ट्रायकर मारी तो सोंगटी खिशात घालायला नव्हे, ती हळूच हरिश्चंद्राच्या बोटाखाली सरकवायला. हरिश्चंद्र राणी काढी, कव्हर घेई, देऊळ टाळ्यांनी भरे. लवू खाली मान घालून बोटांवरची पावडर फुंकत बसे. टाळ्या हरिश्चंद्राला, पण राणी दिली कुणी, हे दोघांना ठाऊक. तेवढ्यावर लवूचं पुढचं वर्ष निघे.

सत्त्याऐंशी साली हरिश्चंद्र आला तो व्हिडिओ गेम घेऊन.

टीव्ही त्याच्याकडे आदल्या सालीच आला होता, पण डोंगराच्या आडोशाला त्यावर मुंग्यांपलीकडे काही दिसत नसे. अँटेना बांबूला बांधून माडाच्या शेंड्यापर्यंत चढवली, तरी मुंग्याच. या गेमला अँटेनाच लागत नव्हती. टीव्हीच्या पाठीत वायर खोचली की मुंग्या पळत, काळा पडदा येई, दोन कडांना दोन पांढऱ्या पट्ट्या उभ्या राहत आणि मधून एक पांढरा ठिपका धावत सुटे. वायरीला दोन डब्या, प्रत्येक डबीला पिळायचा एक कान. कान पिळला की आपली पट्टी वर-खाली. ठिपका पट्टीवर आपटला की टॉक. हुकला की समोरच्याला एक गुण.

लवू त्या संध्याकाळी होडी बांधून, हातपाय धुऊन, बोरिक पावडरीचा डबा खिशात घालून गेला. कॅरम बोर्ड त्यानं आधीच पुसून आपल्या दाराशी उभा करून ठेवला होता. हरिश्चंद्राच्या पडवीत चपलांचा ढीग. आत टीव्हीसमोर हरिश्चंद्र बसलेला, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून त्याचा मेव्हणा दादू. दादू लोटे गावच्या कारखान्यात कामाला. कारखान्यात काही मोठी दुरुस्ती निघाली म्हणून तो सुटीवर आला होता, आणि बहिणीकडे मुक्कामच ठोकला होता.

“ये लवू, बस,” हरिश्चंद्र म्हणाला. मान काही वळली नाही.

लवू बसला. टॉक, टॉक, टॉक. दादूनं खाऱ्या शेंगदाण्यांची मूठ हरिश्चंद्राच्या पुढ्यात केली. हरिश्चंद्रानं पडद्यावरून डोळे न काढता त्यातून शेंगदाणे उचलले. इतक्या वर्षांत हरिश्चंद्रानं न बघता कुणाच्या हातातलं घेतलं, ते फक्त लवूच्या.

“कॅरमचं काय?” त्यानं विचारलं.

“कॅरम कुठं पळतंय,” हरिश्चंद्र म्हणाला.

“लवूदा, तू पण शीक की,” दादू म्हणाला. “फक्त ह्याला चपळाई लागते. वल्हं मारण्यासारखं नाय.”

सगळे हसले. हरिश्चंद्र पण हसला.

लवूनं कोपऱ्यातलं गेमचं खोकं मांडीवर ओढलं. वर चार चित्रं होती. एकात दोन पट्ट्या, म्हणजे हाच खेळ. एकात एकच पट्टी आणि समोर भिंत, एकट्या माणसासाठी. एकात फुटबॉलचं मैदान. आणि चौथ्यात इकडे दोन पट्ट्या, तिकडे दोन. लवूचं बोट त्या चित्रावर थांबलं.

“हरी, ह्यो जोडीचा खेळ लाव की. तू आणि मी एकीकडे.”

“तो लागत नाय रे. खटका चारी ठिकाणी फिरतो, पण खेळ एकच येतो.”

“दुकानदारानं फसवला.”

“फसवला कसला, स्वस्तात मिळाला. आणि आम्हाला हाच पुरतो. काय दादू?”

‘आम्हाला’ हा शब्द लवू घरी घेऊन आला. तो जेवायला बसला. त्याची बायको सावित्री चुलीपाशी बसून त्याचं तोंड बघत होती. तिला ते रोज दिसे.

“तुम्हाला सवत आली म्हणायची,” ती म्हणाली.

“भात वाढ.”

“मिशीवाली,” ती म्हणाली आणि भात वाढला.

पुढचे दिवस लवूनं ठरवलं की तिकडं फिरकायचं नाही, आणि रोज फिरकला. खिशातून पावडरीचा डबा मात्र त्यानं काढला नाही. जायचा, उंबऱ्याशी बसायचा, दादूच्या हातांकडे बघायचा. त्या हातांचा त्याला राग होता. मऊ हात, नखं कापलेली. हरिश्चंद्र जिंकला की दादूच्या पाठीवर थाप मारी आणि हरला की जास्त जोरात मारी. दोन्ही थापा लवूच्या छातीत वाजत.

एकदा दादू आंघोळीला गेला होता तेव्हा हरिश्चंद्रानं डबी लवूपुढं सरकवली. “ये, बस.”

लवू बसला. किती दिवसांनी भिडूच्या शेजारी. त्याचे घट्टे पडलेले हात त्या इवल्या कानावर मावत नव्हते. पण नजर कॅरमची होती. ठिपका पट्टीच्या कडेला लागला तर तिरका सुटतो आणि मधोमध लागला तर सरळ जातो, हे तो उंबऱ्यावर बसून शिकला होता. त्यानं ठिपका मधोमध घेतला आणि सरळ हरिश्चंद्राच्या पट्टीवर घातला. अगदी बोटाखाली सरकवावा तसा. पुन्हा घेतला, पुन्हा दिला. हाताची वर्षानुवर्षांची सवय, हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

तो दिलेला ठिपका हरिश्चंद्रानं पट्टीच्या कडेनं सणकून मारला. लवूच्या पट्टीवरून तो निसटला.

“एक,” हरिश्चंद्र म्हणाला.

लवू देत राहिला, हरिश्चंद्र मारत राहिला. खेळ संपला तेव्हा लवूच्या नावावर शून्य होतं.

“मेल्या, तू खेळतच नाय,” हरिश्चंद्र हसत म्हणाला.

“मी तुला देत होतो.”

“ह्यात द्यायचं नसतं रे. ह्यात भिडू नाय. शेजारी बसलाय तोच समोरचा.”

लवू उठला. म्हणजे इतके दिवस आपण ज्या जागेवर जळत होतो ती भिडूची जागा नव्हतीच, हे त्याला कळलं. पण कळून जळणं काही विझलं नाही. वैऱ्याची का होईना, जागा शेजारची होती, आणि आता आंघोळ करून आलेला दादू तिथं पुन्हा बसत होता.

वाडीचा उत्साह मात्र ओसरू लागला. पहिल्यांदा खिडकीच्या गजांनाही माणसं लटकलेली असत. पण खेळायचं दोघांनी आणि बाकीच्यांनी बघायचं, ते तरी किती. रोज तोच ठिपका, त्याच पट्ट्या, तोच टॉक. कॅरममध्ये निदान बाजूला उभं राहून चार शहाणपणाच्या गोष्टी सांगता येतात, इथं सांगायला काही नव्हतं. बायका म्हणाल्या, ह्यापेक्षा मुंग्या बऱ्या. आंब्याची पेटी भरायची कामं निघाली आणि पडवीतला चपलांचा ढीग रोज लहान होत गेला.

जयंती जवळ आली तसा धाकू लवूच्या होडीत बसला. देवळातल्या मॅची धाकूच भरवी.

“लवू, यंदा तुझं नाव कुणाबरोबर घालू?”

लवूचं वल्हं पाण्यातच राहिलं. “म्हणजे?”

“हरिश्चंद्र मेव्हण्याला घेतो म्हणतात. दादूच सांगत होता. कामावर गेलाय, पण जयंतीला परत येतो म्हणाला. त्यांचा हात बसलाय म्हणे एकमेकांवर.”

“हरी काय म्हणाला?”

“त्याला अजून विचारलं नाय. तुला आधी विचारतो. भिकू मोकळा आहे, त्याच्याबरोबर घालू?”

“हरीलाच विचार जा,” लवू म्हणाला.

इतक्या वर्षांत लवूची होडी धक्क्याला कधी आपटली नव्हती. त्या दिवशी आपटली. धाकूचा एक पाय पाण्यात गेला. उतरून त्यानं धोतर पिळलं आणि एकदा मागं वळून लवूच्या तोंडाकडे बघितलं.

त्या संध्याकाळी लवू घरी गेला नाही. पाय त्याला हरिश्चंद्राच्या दारी घेऊन गेले. तोंडावर विचारायचं असं त्यानं वाटभर ठरवलं होतं. मी की तो. पडवीत हरिश्चंद्राच्या बायकोच्या वहाणांखेरीज चप्पल नव्हती. आतून टॉक, टॉक येत होतं. म्हणजे दादू परत आला, असं वाटून लवूनं दारातून डोकावलं.

हरिश्चंद्र एकटा होता. एक डबी डाव्या मांडीवर, एक उजव्या. दोन हातांनी दोन कान पिळत तो स्वतःशीच खेळत होता. खोक्यावरचा एकट्याचा भिंतीचा खेळ लागत नव्हता, आणि हा एकट्याला खेळता येत नव्हता. डावा हात अडखळे आणि उजव्याला गुण मिळे. उजव्याला गुण मिळाला तरी हरिश्चंद्राचं तोंड हलत नव्हतं.

लवू बघत राहिला. दादू नाही, कुणीच नाही, तरी त्याला हरिश्चंद्राच्या डाव्या हाताचा हेवा वाटला.

हरिश्चंद्राची बायको मालन चहा घेऊन आली. ती लवूला पहिल्यापासून ओळखत होती. “लवूभावोजी, बरं झालं आलात. दोन दिवस हे असंच चाललंय. मला म्हणाले बस, मी म्हटलं चुलीवर मासे कोण बघणार. बोटीवर सगळे ड्यूटीत, तिथंही हे एकटेच असतात म्हणे.”

लवूनं विचारायचं ते विचारलं नाही. तो आत गेला.

“सरक,” तो म्हणाला.

हरिश्चंद्र सरकला. लवूनं डाव्या मांडीवरची डबी उचलली. ठिपका आला. लवूनं मधोमध घेतला आणि सरळ दिला.

“परत तसंच खेळतोस काय?” हरिश्चंद्र म्हणाला.

“मला तसंच येतं.”

हरिश्चंद्राची पट्टी कडेला सरकली, मारायला. लवूनं ते बघितलं. पुन्हा शून्य, असं म्हणून त्यानं मन घट्ट केलं. पण पट्टी थांबली, जरा खाली आली. ठिपका मधोमध लागला आणि सरळ लवूकडे आला.

लवूनं दिला. हरिश्चंद्रानं दिला. टॉक. टॉक. खाडीच्या अल्याडून पल्याड जावं तसा ठिपका जात होता, येत होता, आणि कुठं हुकत नव्हता. वर दोन्हीकडे शून्य होतं. चहावर साय धरली. मालन एकदा येऊन बघून गेली, “हा कसला खेळ,” असं म्हणाली आणि मासे परतायला गेली.

बाहेर धाकू खाकरला. “हरिश्चंद्र, नावं पक्की करायची आहेत. जोडी कुणाची घालू?”

लवूची मान वळली नाही. कान मात्र सगळा दाराकडे होता. टॉक. टॉक.

“दरवर्षी घालतोस तीच,” हरिश्चंद्र पडद्याकडे बघतच म्हणाला. “त्यात विचारायचं काय?”

“नाय, दादू म्हणत होता...”

“दादू गेममध्ये चांगला. त्याला समोर बसवला की मीच त्याला मारायला बघेन.”

ठिपका सरळ, मधोमध, लवूच्या पट्टीवर येत होता. साधा होता, कुणीही घेतला असता. लवूच्या हातून तो सुटला.

“एक,” हरिश्चंद्र म्हणाला. मग त्यानं पहिल्यांदाच मान वळवून शेजारी बघितलं. “काय रे, डोळ्यात काय गेलं?”

“पावडर,” लवू म्हणाला, आणि खिशातला डबा काढून त्याच्यासमोर ठेवला.